इगर्जीतल्या मेस्त्राचं संगीत: कसं ऐकावं, कुठं शोधावं

चवथीला घुमट-शामेळाच्या ठेक्यावर मराठी आरत्या म्हणत वाढलेल्या गोंयकाराला गावातल्या इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, संगीत लांबून ओळखीचं असतं. फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, दिवशी लाउडस्पीकरवरून ते येतं, खुरसाजवळच्या (क्रुसाजवळच्या) लदिनीतून, म्हणजे गाऊन केलेल्या सामूहिक प्रार्थनेतून, येतं, शेजाऱ्यांच्या घरच्या लग्नात येतं. ते कुणी तरी रचलेलं असतं, हे मात्र सहसा डोक्यात येत नाही. मग कधी तरी एखादा मित्र सांगतो, ‘आमचे आजोबा इगर्जीचे मेस्त्र होते, त्यांनी मोतेत, म्हणजे लॅटिन भक्तिगीतं, लिहिले, कागद अजून पेटीत आहेत.’ आणि हे काम नेमकं काय होतं, याची उत्सुकता लागते. हा लेख अशा मराठी वाचकासाठी आहे. पाश्चात्त्य संगीत अजिबात येत नसेल तरी चालेल. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, सारेगम वाजवता येत असेल तर सोयीचं.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या. बहुतेक जण स्वरलिपीपासून सुरुवात करतात आणि चार दिवसांत कंटाळतात. मेस्त्र मोकळ्या वेळात बसून ‘एक रचना’ लिहीत नसे. तो अमक्या फेस्ताला, अमक्या प्रार्थनेच्या जागी, गावात त्या वर्षी जे गळे आणि जी वाद्यं हाताशी होती त्यांच्यासाठी लिहीत असे. म्हणून आधी दिवस बघायचा, मग गळे, आणि शेवटी कागद.

हा मेस्त्र कोण होता

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर सोळाव्या शतकातच इगर्जींना जोडून शाळा निघाल्या. तिथं पोरांना अक्षरओळख आणि धर्मशिक्षणाबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरवाचन, शिकवलं जाई. पुढं रेबेकही, म्हणजे व्हायोलिन. पोरं तयार झाली की इगर्जीच्या कोरात, दाराच्या वरच्या माडीवर, उभी राहून गात. हे सगळं ज्याच्या अंगावर पडे तो मेस्त्र: शिक्षक, कॉयरचा म्हणजे गायकगटाचा प्रमुख, रेबेक वाजवणारा, नकला उतरवून घेणारा आणि अडल्या वेळी रचनाकार. फेस्ताला नवीन काही हवं असलं तर विगार, म्हणजे इगर्जीचे मुख्य पाद्री, त्यालाच सांगत.

तयारी किती होती, याचा अंदाज जुन्या प्रवासवर्णनांतून येतो. 1663 मध्ये एका इटालियन कार्मेलाइत पाद्रीनं जुन्या गोव्यातल्या बों जेझू इगर्जीतल्या सणाला सात कॉयरांचं संगीत ऐकल्याचं लिहून ठेवलंय, आणि इथल्या स्थानिक गायकांचं कौशल्य बघून तो चकित झालाय. मराठी वाचकानं याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवावी. फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्या साष्टी तालुक्यात रायतूरला छापलं गेलं. म्हणजे एकीकडे कोरात लॅटिन बहुस्वरी गाणं आणि दुसरीकडे त्याच समाजासाठी मराठीतली ओवी, अशी दोन्ही एकाच काळात नांदत होती. गोव्यातल्या चर्चसंगीताकडे ‘फिरंग्यांचं’ म्हणून बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

या शाळांतून निघालेले कितीतरी जण मुंबईला गेले, पोलीस बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं सर्वांना माहीत असलेलं नाव. गोवा विद्यापीठात पाश्चात्त्य संगीताचं अध्यासन त्यांच्याच नावानं आहे. गावात राहिलेल्या मेस्त्रांची नावं मात्र गावाबाहेर गेली नाहीत.

पहिली पायरी: कॅलेंडर समजून घ्या

कॅथलिक वर्षाचा आराखडा डोक्यात बसला की अर्धं काम होतं. नाताळाआधीचे चार आठवडे आगमनकाळ. ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपवासकाळ, ज्याला इथं कोरेज्म म्हणतात. मग पवित्र आठवडा, ईस्टर, आणि वर्षभर विखुरलेली संतांची फेस्तं. फेस्ताआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. सांत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त 3 डिसेंबरला असतं, म्हणून जुन्या गोव्यात नोव्हेना 24 नोव्हेंबरला सुरू होते.

मिसेत, म्हणजे इगर्जीतल्या मुख्य उपासनेत, दोन प्रकारचं गाणं असतं. काही शब्द कायमचे: कीरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आन्युस देई. बाकीचे दिवसाप्रमाणे बदलतात: प्रवेशाचं गीत, दोन वाचनांमधलं स्तोत्र, अर्पणाचं गीत, कम्युनियनचं, म्हणजे पवित्र भाकर घेतानाचं, गीत. एखाद्यानं ‘मिस लिहिली’ म्हणतात, तेव्हा सहसा त्यानं या कायमच्या शब्दांना चाली बांधलेल्या असतात.

याचा व्यवहारातला उपयोग असा. उपवासकाळात ग्लोरिया एरवीच्या मिसेत म्हणत नाहीत, आलेलुया तर नाहीच. पुण्य गुरुवारच्या ग्लोरियानंतर ईस्टरच्या रात्रीपर्यंत घंटाही गप्प होतात आणि त्यांच्याऐवजी लाकडी मात्राक खडखडवतात. वाद्यं असली तर गळ्यांना आधार देण्यापुरतीच. तेव्हा हातात आलेल्या कागदावर ग्लोरिया असेल तर ती फेस्ताची किंवा मोठ्या सणाची, आणि लॅटिनमधली दोन ओळींची संथ, दुःखी रचना असेल तर ती बहुधा कोरेज्ममधली, हे तारीख नसतानाही सांगता येतं.

दुसरी पायरी: कान तयार करा

इथं जरा थांबा, कारण आपल्याकडची मंडळी अडखळतात ती इथंच.

आपला सा हलतो. गायकाची पट्टी काळी एक असो की पांढरी चार, तो तिला सा म्हणतो. इगर्जीच्या सोल्फेजमधला ‘दो’ हलत नाही. तो कायम पांढरी एक. ‘रे’ म्हणजे पांढरी दोन, ‘मी’ पांढरी तीन, ‘फा’ पांढरी चार, ‘सोल’ पांढरी पाच, ‘ला’ पांढरी सहा, ‘सी’ पांढरी सात. त्यामुळे एखादी म्हातारी आंटी ‘हे फा मध्ये आहे’ म्हणाली, तर तुमच्या भाषेत तिचा सा पांढरी चार आहे. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सा आणि दो एकच समजून चाललात तर पुढचा प्रत्येक स्वर चुकत जाईल.

मग एकापेक्षा जास्त आवाज. गोव्यातल्या जुन्या मोतेतांत आणि लदिनीत बऱ्याचदा दोनच मुख्य आवाज असतात, वरचा आणि ‘सेगुंद’. पेटीवर हे करून बघा. ग म प म ग वाजवा आणि त्याच वेळी त्याच हाताच्या दुसऱ्या बोटांनी खाली सा रे ग रे सा. दोघांत कायम तिसऱ्या स्वराचं अंतर राहतं. आता वरचा ग तसाच ठेवून खाली खर्जातला प धरा. हे षष्ठाचं अंतर. या दोन अंतरांच्या जोरावर गोव्यातलं निम्मं अधिक भक्तिसंगीत उभं आहे, आणि मांडो, म्हणजे गोव्यातलं जुनं कोंकणी प्रेमगीत, तेही. मांडो ऐकणाऱ्याला मोतेत पहिल्याच वेळी ओळखीचा वाटतो तो यामुळे. पुष्कळदा दोन्ही लिहिणारी घराणी, गावं आणि कधी कधी माणसंही एकच होती.

चार आवाजांची रचना असेल तर सोप्रानो, आल्तो, तेनोर, बास अशी उतरती भाजणी असते. आपण सवयीनं सर्वांत वरच्या आवाजामागं जातो, कारण चाल तिथं असते. उलट करा. पहिल्यांदा फक्त बास ऐका. रचनाकारानं विचार कुठं केलाय ते बासात दिसतं. वरची चाल सुंदर आणि बास नुसता सा-प-सा ठोकत असेल, तर मेस्त्र चालीचा माणूस होता. बास स्वतःची वाट चालत असेल, तर तो शिकलेला होता किंवा त्यानं चांगली पुस्तकं उतरवून घेतली होती. दुसऱ्या वेळी तेनोर ऐका. आल्तो शेवटी, तो सापडायला सर्वांत कठीण.

आणि तक्रार करू नका की सगळं फार संथ आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उंच छत आणि रिकामी मधली जागा यांमुळे इगर्जीत सूर लवकर विझत नाही. आधीचा सूर घुमत असताना पुढचा आला तर कालवाकालव होते. मेस्त्राला आपली इगर्ज किती वेळ घुमते ते माहीत असे, आणि त्या बेतानं तो स्वर बदलत असे. हीच रचना पंख्यांच्या हॉलमध्ये माइकवर ऐकली की कंटाळवाणी वाटते. दोष हॉलचा.

तिसरी पायरी: जागेवर जाऊन ऐका

माझं मत विचाराल तर सुरुवात लदिनीनं करा. मे महिन्यात वाड्यावाड्यावर खुरसाजवळ लदिन होते. मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, एक किंवा दोन रेबेक, आणि पाठ असलेली लॅटिन. कुणी स्वरलिपी बघत नाही. एकानं सांताचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणायचं, त्यातच दुसरा आवाज आपोआप फुटतो. प्रत्येक गावाच्या चालीत थोडा फरक असतो. शेवटी उकडलेले चणे आणि पेला फिरतो. हिंदू शेजारी उभा राहिला तर कुणाला नवल वाटत नाही. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला आणि शिरगावच्या लईराईला बहिणी मानणाऱ्या मुलखात वाटायचंही कारण नाही.

त्यानंतर कोरेज्ममधली मोतेतं. ख्रिस्ताच्या यातनांच्या विधीत ती गायली जातात, जुन्या पद्धतीच्या गावांत रेबेक, क्लारिनेत आणि रेबेकांव या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याच्या साथीनं. साष्टीतल्या इगर्जी या बाबतीत चांगल्या. पुण्य शुक्रवारच्या मिरवणुकीत येशूचा चेहरा वस्त्रानं पुसणाऱ्या व्हेरोनिकाची भूमिका करणारी मुलगी येशूच्या चेहऱ्याचं वस्त्र उलगडत एकटीच गाते. शब्द विलापगीताच्या पहिल्या अध्यायातल्या 12 व्या वचनाचे, लॅटिनमध्ये: वाटेनं जाणाऱ्यांनो, माझ्यासारखं दुःख कुठं आहे का ते बघा. जायच्या आधी मराठी बायबलमध्ये तो अध्याय वाचून जा. एक खुबी ध्यानात ठेवा. जुन्या लॅटिन कागदांवर स्तोत्रांचे क्रमांक बहुतेक ठिकाणी एकानं मागं असतात. तिथलं 50 वं स्तोत्र म्हणजे आपल्या मराठी बायबलातलं 51 वं.

मैफलीच्या वातावरणात ऐकायचं असेल तर जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या मोंत कपेलात होणारा संगीत महोत्सव आहे, गोवा विद्यापीठाचा कॉयर आहे, कांपालची कला अकादमी आहे. कार्यक्रम चांगले असतात. पण तिथं रचना आपल्या दिवसापासून आणि जागेपासून तोडलेली असते, म्हणून ते दुसरं.

इगर्जीत वागायचं कसं? खांदे-गुडघे झाकलेले कपडे. मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहिले की उभे राहा. कम्युनियनच्या रांगेत जाऊ नका, जागेवर बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. गाणं संपल्यावर टाळ्या नकोत, आणि ‘वा’ तर नकोच. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर आधी फादरांना विचारा. मिस संपल्यावर कॉयरची मंडळी खाली उतरतात, तेव्हा बोलायला जा. ‘बासवाले अंकल कोण?’ एवढा प्रश्न पुरतो. बासवाल्यांना असं विचारणारं कुणी भेटत नाही.

चौथी पायरी: माणूस शोधा

सुरुवातीला ज्यांच्याबद्दल माहिती मिळते अशी नावं घ्या, म्हणजे शोधायची पद्धत कळते. काणकोणातल्या गालजीबागचे पाद्री लोर्दिनु बार्रेतो हे रचनाकार आणि अभ्यासक, कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. येशूसंघाचे पाद्री वास्कु दु रेगु यांचं काम वेगळ्या तऱ्हेचं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला आणि लोकभाषेला दार उघडलं. गोव्यात एकदम कोंकणी गीतांची गरज पडली, आणि ती भरून काढणाऱ्यांत ते आघाडीवर होते. आज इगर्जीत बाकावर ‘गायनांचो झेलो’ हा कोंकणी गीतसंग्रह दिसतो, तो याच बदलाचा परिणाम. रोमी लिपीत आहे. मराठी माणसाला आठवडाभरात वाचता येतो.

हे वळण समजल्याशिवाय कुठल्याही मेस्त्राचं चरित्र लागत नाही. 1963 च्या आधी ज्याची उमेद लॅटिनमध्ये गेली, त्याच्या वहीतल्या निम्म्या रचना पुढच्या दहा वर्षांत इगर्जीत गायच्या बंद झाल्या. काहींनी कोंकणीत लिहायला घेतलं, काही गप्प बसले. वयस्कर माणसांशी बोलताना याबद्दल अवश्य विचारा, पण हळू.

गावातल्या मेस्त्रासाठी या वाटेनं जा. इगर्जीचे विगार, मग कोंफ्रारीचे, म्हणजे इगर्जीच्या भक्तमंडळाचे, जुने सभासद, मग घरचे. घरी गेल्यावर पहिल्या भेटीत कागद मागू नका. कुणाकडे शिकले, कुठल्या फेस्ताला काय गायचं, कोरात कोण कुठं उभं राहायचं, असं विचारत बसा. कोण कुठं उभं राहायचं, या प्रश्नातून गळ्यांची यादी मिळते. पोप दहावे पायस यांच्या 1903 च्या आदेशानं इगर्जीच्या कॉयरात बायकांना मज्जाव होता, म्हणून त्या काळातला वरचा आवाज पोरांसाठी लिहिलेला असू शकतो, आणि त्याची झेप त्याप्रमाणे बेतलेली असते.

लेखी साधनांसाठी पणजीला पाट्ट्यावरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि पर्वरीचं झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र. 1900 मध्ये सुरू झालेलं ‘ओ हेराल्दो’ 1983 पर्यंत पोर्तुगीजमध्ये निघे. फेस्तांची वर्णनं आणि मृत्युलेख यांसाठी ते चाळा, कारण कुणाची मिस गायली गेली हे तिथं एका ओळीत सापडू शकतं. 1933 पासून निघणारं रोमी कोंकणी साप्ताहिक ‘वावराड्यांचो इश्ट’ही बघा. पोर्तुगीज येत नसेल तर गावातल्या निवृत्त शिक्षकाला सोबत घ्या. शब्दकोश घेऊन एकट्यानं बसण्यापेक्षा ते जलद होतं आणि गप्पाही होतात.

पाचवी पायरी: कागद

पेटी उघडल्यावर तुम्हाला एक सलग स्वरलिपी मिळेल अशी आशा ठेवू नका. बहुतेक वेळा प्रत्येक आवाजाचा आणि प्रत्येक वाद्याचा सुटा कागद असतो, कारण गायकाला आपलीच ओळ लागे आणि कागद महाग होता. वर पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं असतं: तिपले म्हणजे सर्वांत वरचा आवाज, बाइशु म्हणजे बास, राबेका म्हणजे रेबेक, राबेकांव म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य. पहिलं काम हे सुटे कागद एका रचनेचे म्हणून जुळवणं. शीर्षक नसेल तर मोजणी करा. तालविभाग दोन कागदांवर सारखेच भरत असतील आणि सुरुवातीला पट्टी दाखवणारं चिन्ह जुळत असेल, तर ते एकाच रचनेचे असण्याची शक्यता बरीच.

जुळवून पेटीवर वाजवायला घेतलंत आणि क्लारिनेतचा आवाज बाकीच्यांशी भांडायला लागला, तर कागद चुकीचा समजू नका. नेहमीच्या सी-बेमोल (इंग्रजीत बी-फ्लॅट) क्लारिनेतसाठी स्वर एक पायरी वर लिहितात. कागदावर रे असेल तर कानाला दो ऐकू येतो. म्हणून त्याची सगळी ओळ पेटीवर एक पूर्ण स्वर खाली वाजवायची.

सहीवर लगेच विश्वास ठेवू नका. खाली नाव आणि तारीख असली तरी ती नक्कल उतरवणाऱ्याची असू शकते. ‘कोपियादु पोर’ असं लिहिलेलं असेल तर नक्कीच. मेस्त्र एकमेकांच्या रचना सर्रास उतरवत आणि आपल्या गळ्यांप्रमाणे बदलतही, त्यात कुणाला गैर वाटत नसे. एकच रचना दोन गावांत दोन नावांवर भेटली तर वाद घालू नका, दोन्ही प्रतींचे फोटो घ्या.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. जुनी शाई कागद खाते, त्यामुळे पानं घडीवर तुटतात. घडी उलटी मोडू नका, चिकटपट्टी लावू नका. मूळ कागद घरातून बाहेर नेऊ नका, कुणी आपणहून दिला तरी. आणि कायद्याची गोष्ट: भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतो. गाण्यासाठी किंवा छापण्यासाठी वापरायचं तर घरच्यांची लेखी परवानगी घ्या. बहुतेक जण आनंदानं देतात. न विचारल्याचा राग मात्र वर्षानुवर्षं टिकतो.

सहावी पायरी: गाववून बघा

कागदावरून रचना कळत नाही, ती चार माणसांनी गावी लागते. स्वरलिपी संगणकावर उतरवून छापली की त्याच इगर्जीच्या कॉयरमास्तरला द्या. गातील तेव्हा कळेल की तेनोर एका जागी का अडखळतो, आणि कदाचित हेही, की मेस्त्राचा त्या वर्षीचा तेनोर तिथं अडखळत नसे. आज कीबोर्डचा तयार ठेका लावून गायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. विनंती करा, निदान या एका रचनेपुरता तो बंद ठेवा.

पट्टी उतरवावी लागली तर उतरवा. मेस्त्रानंही तेच केलं असतं. छापील प्रतीवर वर रचनाकाराचं नाव, खाली कुठल्या घरच्या कागदावरून घेतली आणि पट्टी कोणी किती उतरवली, एवढं लिहा. एक प्रत घरच्यांना, एक कॉयरच्या कपाटात, एक पर्वरीच्या संशोधन केंद्राला. घरची प्रत स्वतः नेऊन द्या. चहा घेतल्याशिवाय ते सोडणार नाहीत, आणि तेवढ्या वेळात पेटीतला दुसरा गठ्ठा निघू शकतो.